पोटाचे प्रश्न : दुर्बीण, एआय आणि पडद्यावरची चौकट

(या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीबद्दल, म्हणजे कोलोनोस्कोपीबद्दल आहेत, आणि त्यातही 'एआय'बद्दल. म्हणून या अंकात तीच घेतली आहेत.)

प्रश्न : माझं वय ५७. मोठ्या भावाला ५२व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन होऊन तो आता बरा आहे. मलाही कोलोनोस्कोपी करून घ्यायला सांगितलंय. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं साधी दुर्बीण आहे. शहरातल्या एका नव्या हॉस्पिटलनं 'एआय कोलोनोस्कोपी' असा फलक लावलाय, तिथं पैसे जास्त पडतात. मुलगा म्हणतो, कॅन्सरचा प्रश्न आहे, पैशाकडं बघू नका. काय करू? – वाचक, इचलकरंजी

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. आठवड्यातले काही दिवस मी ज्या मोठ्या हॉस्पिटलात जाते, तिथं ही यंत्रणा आहे. माझ्या स्वतःच्या सेंटरला नाही. दोन्हीकडं काम करते, त्यामुळे एकाच बाजूनं वकिली करायचं मला कारण नाही.

ही यंत्रणा म्हणजे दुर्बिणीच्या प्रोसेसरला जोडलेला एक डबा. दुर्बीण तीच, नळी तीच, आत घालणारा हातही तोच. कॅमेऱ्यातून येणारं चित्र पडद्यावर जाता जाता या डब्यातून जातं, आणि पॉलिपसारखं (पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली गाठ) काही वाटलं की त्याच्याभोवती लगेच चौकट उमटते. एका कंपनीची हिरवी, दुसरीची निळी. एखादं यंत्र सोबत आवाजही करतं. पॉलिपची ढीगभर चित्रं दाखवून त्या सॉफ्टवेअरला शिकवलेलं असतं. त्याचं काम इतकंच. ते पॉलिप काढत नाही आणि त्यात कॅन्सर आहे की नाही हेही सांगत नाही. ते सांगू पाहणारं सॉफ्टवेअर वेगळं आहे, आणि तिथंही शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टचाच.

उपयोग होतो का? होतो. चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या डॉक्टरांनी १,०५८ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. साध्या तपासणीत २०.३ टक्के रुग्णांमध्ये अॅडेनोमा, म्हणजे पुढं कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप, सापडला होता. चौकट दाखवणाऱ्या यंत्रानं तो आकडा २९.१ टक्क्यांवर गेला. इटलीतल्या २०२०च्या अभ्यासात तो ४०.४वरून ५४.८ झाला. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतही वाढ दिसली, जरा कमी. हे आकडे पोकळ नाहीत, कारण डॉक्टरांचं अॅडेनोमा सापडण्याचं प्रमाण एका टक्क्यानं वाढलं की त्यांच्या रुग्णांमध्ये पुढं होणाऱ्या कॅन्सरचा धोका तीन टक्क्यांनी घटतो, असं कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांहून जास्त तपासण्यांवरून २०१४ मध्येच दिसलं होतं.

आता दुसरी बाजू. यंत्रामुळे जे जास्तीचे पॉलिप सापडतात ते बहुतेक पाच मिलिमीटरच्या आतले, बारके. मोठे पॉलिप चांगल्या डॉक्टरच्या नजरेतून तसेही फारसे सुटत नाहीत. शिवाय अभ्यासात जे घडतं ते रोजच्या कामात घडेलच असं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हे यंत्र नुसतं खोलीत बसवलं, 'वापरा' म्हणून सांगितलं आणि २०२३ मध्ये निकाल छापला. अॅडेनोमा सापडण्याच्या प्रमाणात काही फरकच पडला नव्हता.

असं का होतं ते यंत्रासमोर उभं राहिलं की कळतं. मोठं आतडं म्हणजे सरळ पाइप नव्हे. आतून त्याला घड्या असतात, एकामागे एक पडदे लावल्यासारख्या. पॉलिप घडीच्या मागच्या बाजूला बसलेला असेल आणि डॉक्टरनं स्कोपचं टोक वळवून ती घडी बाजूला सारून पाहिलीच नाही, तर तो पॉलिप कॅमेऱ्यात येत नाही. कॅमेऱ्यात आला नाही तर चौकट कशाभोवती येणार? तांदूळ निवडायला कुणी कितीही तीक्ष्ण नजरेचं बसवा, पोत्यातून ताटात घेतलेच नाहीत त्या दाण्यांतला खडा काही निघायचा नाही. ताटात घेण्याचं काम डॉक्टरचं. आणि ताट स्वच्छ ठेवायचं काम तुमचं, म्हणजे जुलाबाचं औषध नीट घेण्याचं.

म्हणून मी यंत्राच्या आधी घड्याळ विचारते. अमेरिकेतल्या रॉकफर्ड गावच्या १२ डॉक्टरांचा एक अभ्यास २००६ मध्ये आला. आमच्या धंद्यात तो सगळ्यांना पाठ आहे. स्कोप आतड्याच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत नेल्यावर बाहेर काढत येताना खरी पाहणी होते. त्यासाठी जे डॉक्टर सरासरी सहा मिनिटांहून जास्त वेळ घेत होते त्यांना २८.३ टक्के लोकांमध्ये गाठी सापडल्या, आणि भरभर बाहेर येणाऱ्यांना ११.८ टक्के. दुपटीहून जास्त फरक, आणि त्यासाठी एकही डबा विकत घ्यावा लागला नाही. आता अमेरिकेतल्या संघटना सहाऐवजी आठ मिनिटं मागतात.

तेव्हा दोन्ही ठिकाणी फोन करून विचारा. कोलोनोस्कोपी स्वतः कोण करणार? बाहेर काढताना साधारण किती वेळ देतात? औषध दोन भागांत देतात का, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं पहाटे? पॉलिप सापडला तर त्याच वेळी काढतात की पुन्हा बोलावतात? आणि धीर असेल तर हेही विचारा, 'डॉक्टर, तुमचा अॅडेनोमा सापडण्याचा दर किती?' बरेच डॉक्टर गडबडतील, कारण आपल्याकडं तो मोजायची पद्धत फारशी रुजलेली नाही. एखादा आकडा सांगेल. आकडा सांगणाऱ्याकडं जा, मग त्याच्याकडं डबा असो वा नसो. (पाश्चात्त्य देशांतले मोठे आकडे मात्र इथं अपेक्षित धरू नका. आपल्या लोकांत पॉलिपच तुलनेनं कमी सापडतात.)

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली तर तिथंच करून घ्या. दोन्हीकडची माणसं सारख्याच तोलाची असतील आणि जादा पैसे अंगावर येत नसतील तर चौकटवाल्याकडं जा, त्यात गैर काही नाही. नुसता फलक बघून मात्र जाऊ नका. मोठमोठ्या संस्थांचंही यावर एकमत नाही. २०२५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या तज्ज्ञ समितीनं हे यंत्र सरसकट वापरू नये असा सौम्य सल्ला दिला. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेनं हो किंवा नाही, दोन्हीही म्हणायचं टाळलं. युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेनं वापरावं असं सुचवलं, तेही हलक्या हातानंच. पुरावा तोच, पण जास्तीच्या बारक्या पॉलिपांना किती किंमत द्यायची हे ज्यानं त्यानं वेगळं ठरवलं.

एक मात्र रागावून सांगते. भावाला पन्नाशीत कॅन्सर निघाला असेल तर तुमची तपासणी चाळिशीतच व्हायला हवी होती. आता कुठल्या यंत्रावर करायची या चर्चेत आणखी सहा महिने घालवू नका. भावाच्या मुलांनाही सांगा : वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा वडिलांना निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा.

प्रश्न : एआय लावून केलेल्या कोलोनोस्कोपीत माझ्या मिस्टरांना (वय ६१) दोन पॉलिप निघाले, दोन्ही तीन मिलिमीटरचे. काढून टाकले. रिपोर्ट 'ट्यूब्युलर अॅडेनोमा, लो ग्रेड' असा आहे. आता दर वर्षी दुर्बीण करायला सांगितलंय. मिस्टरांनी धसका घेतलाय, जेवणच कमी केलंय. – वाचक, सातारा

त्यांना आधी जेवायला वाढा. 'ट्यूब्युलर अॅडेनोमा, लो ग्रेड' म्हणजे साधा अॅडेनोमा, कॅन्सर नव्हे. आणि जे होते ते काढून झाले आहेत.

वरच्या पत्रात बारक्या पॉलिपांचा विषय निघाला तो असा घराघरात पोचतो. यंत्र जास्त शोधतं, शोधलेलं रिपोर्टात येतं, आणि रिपोर्टात आलं की माणूस 'पॉलिपचा पेशंट' होऊन बसतो. अमेरिकेतल्या २०२०च्या नियमांप्रमाणे एक सेंटिमीटरहून लहान असे एक किंवा दोन साधे अॅडेनोमा निघाले असतील तर पुढची कोलोनोस्कोपी सात ते दहा वर्षांनी. असे तीन-चार असतील तर तीन ते पाच वर्षांनी. युरोपातले नियम तर आणखी सैल आहेत. असे चारपर्यंत निघाले तरी त्यासाठी वेगळी पाळत ठेवायची गरज नाही म्हणतात. 'दर वर्षी' हे कुठल्याच नियमात बसत नाही.

एक अपवाद आहे. त्या दिवशी आतडं नीट साफ नसेल तर वर्षभराच्या आत परत बोलावणं योग्यच. रिपोर्टात 'बोस्टन स्कोअर' असं काही लिहिलंय का बघा. आतड्याच्या तीन भागांना शून्य ते तीन असे गुण देतात. प्रत्येक भागाला किमान दोन असतील तर सफाई चांगली होती असं समजा. तसं असेल आणि घरात आणखी कुणाला आतड्याचा कॅन्सर नसेल, तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या एका गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टला दाखवा आणि सरळ विचारा, की वर्षानं कशासाठी?

प्रश्न : मला झोपेचं औषध हलकं दिलं होतं, त्यामुळे पडदा दिसत होता. हिरवी चौकट सारखी येत-जात होती. मी मोजायलाच लागलो होतो. डॉक्टर मात्र थांबतच नव्हते. एकदाच थांबले आणि तेवढी एक गाठ काढली. बाकीच्या चौकटी सोडून दिल्या की काय? – वाचक, रत्नागिरी

तुम्ही पडदा बघत होतात हे वाचून मजा वाटली. बहुतेक लोक डोळे घट्ट मिटून घेतात.

डॉक्टरांनी बरोबरच केलं असणार. चौकट ही शंका असते, निदान नव्हे. पाण्याचा बुडबुडा, चिकटून राहिलेला मळाचा कण, न विरघळलेला औषधाचा पांढरा ठिपका, आतडं आकुंचन पावताना वर आलेली घडी, स्कोपच्याच घर्षणानं झालेला लाल ओरखडा, या सगळ्यांवर चौकट येते. इटलीतल्या डॉक्टरांनी चित्रफिती बसून मोजल्या तर एका तपासणीत सरासरी २७ खोट्या चौकटी निघाल्या. बहुतेक आतड्याच्या घड्यांमुळे, थोड्या आत राहिलेल्या मळामुळे. त्या झटकायला डॉक्टरांचा फार वेळ जात नाही, एका नजरेत कळतं. घडीवरची चौकट हवा सोडली की किंवा स्कोप जरा मागं घेतला की विझते. खरा पॉलिप कुठल्याही कोनातून पाहिला तरी चौकट धरून ठेवतो. शंका राहिलीच तर पाण्याचा फवारा मारतो. मळ वाहून जातो, पॉलिप जागच्या जागी राहतो.

उलटही होतं, आणि मला काळजी त्याची जास्त. उजव्या बाजूच्या आतड्यात काही पॉलिप पसरट, फिकट असतात आणि वर शेंबडासारखा थर घेऊन बसतात. त्यांना सेसाइल सेरेटेड म्हणतात. त्यांच्याबाबतीत यंत्राची मदत तितकीशी होत नाही. तिथं अजून डॉक्टरच्या डोळ्यालाच काम आहे.

घरी बसून तुम्हाला एक गोष्ट तपासता येईल. रिपोर्टातल्या फोटोंच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असते. सीकमचा फोटो शोधा, त्यात अपेंडिक्सचं छोटं तोंड दिसतं. त्याची वेळ आणि शेवटच्या, गुदाशयाच्या फोटोची वेळ यांची वजाबाकी करा. गाठ काढायला लागलेला वेळ धरून दहा मिनिटांच्या पुढं असेल तर निश्चिंत राहा. फोटोच नसतील तर मात्र मागा. तुमचा हक्क आहे.

प्रश्न : एआयमुळे डॉक्टरांची नजर बिघडते असं वर्तमानपत्रात आलं होतं. माझा भाचा आत्ताच एंडोस्कोपी शिकतोय. त्यानं हे यंत्र वापरावं की नाही? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

ती बातमी पोलंडची. 'लॅन्सेट'च्या पोटविकारांच्या नियतकालिकात ऑगस्ट २०२५ मध्ये हा अभ्यास आला. तिथल्या चार केंद्रांत २०२१च्या अखेरीस यंत्र आलं. त्यानंतर काही तपासण्या यंत्रासह व्हायच्या, काही यंत्राविना. संशोधकांनी यंत्राविना झालेल्याच तपासण्या घेतल्या, यंत्र येण्याआधीच्या तीन महिन्यांतल्या आणि आल्यानंतरच्या तीन महिन्यांतल्या, मिळून १,४४३. अॅडेनोमा सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४वर आलेलं होतं. आणि हे डॉक्टर नवशिके नव्हते, प्रत्येकाच्या हाताखालून दोन हजारांवर कोलोनोस्कोप्या गेलेल्या.

यावरून लगेच 'एआय वाईट' म्हणू नये. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा अभ्यास नव्हता. आधीचे आणि नंतरचे रुग्ण वेगळे होते, नंतर कामाचा बोजा वाढला असेल, आणखीही कारणं असतील. पण मला बातमी वाचून आश्चर्य वाटलं नाही. हॉस्पिटलमधून माझ्या सेंटरला आले की पहिल्या एक-दोन तपासण्यांत माझे डोळे कुठंतरी चौकटीची वाट बघतात हे मला जाणवतं. चौकट असली की नजर पडद्याच्या मधोमध पडून राहते, आणि नसली की कडेकडेनं फिरते. मी आता मुद्दाम स्वतःला आठवण करते : कडा, घडीची पाठ, उजवी बाजू पुन्हा एकदा.

भाच्याला सांगा, आधी उघड्या डोळ्यांनी शिक. स्वतःचा अॅडेनोमा सापडण्याचा दर वहीत मांडत जा. तो स्थिर झाला की यंत्र लाव, आणि तेव्हाही मधूनमधून काही तपासण्या यंत्र बंद ठेवून कर. त्याच्या शिक्षकांना हे पटेलच असं नाही. काही जण म्हणतात, पुढं सगळीकडं यंत्र असणारच आहे, मग आजच हात बसू दे. असेलही. पण माझ्या भागात अजून वीज जाते आणि यंत्राच्या परवान्याची मुदतही संपते.

प्रश्न : मुलगी २९ वर्षांची. चार महिने जुलाब, अधूनमधून ताप, वजन नऊ किलोनं उतरलंय. तिच्या दोन मैत्रिणी म्हणतात, एआयवालीच कोलोनोस्कोपी करा. – वाचक, नांदेड

तुमच्या मुलीच्या बाबतीत एआयचा संबंधच येत नाही. हे यंत्र पॉलिप ओळखायला शिकवलेलं आहे. क्षयाचा व्रण, अल्सरेटिव्ह कोलायटिसची सूज, अमिबाचे व्रण, अरुंद झालेलं आतडं, यांतलं काहीही दाखवायला ते बनवलेलं नाही. समोर भला मोठा व्रण असला तरी चौकट येईलच असं नाही. पाश्चात्त्य देशांत कोलोनोस्कोपी बहुतांशी धडधाकट माणसांची, चाचणी म्हणून होते. अमेरिकेत तर ४५व्या वर्षापासून सुरू करायला सांगतात. आपल्याकडच्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत, आतडं नाही. आमच्याकडं माणूस येतो तो त्रास घेऊनच : रक्त, जुलाब, वजन उतरणं. रक्त जात असेल तर बरेच महिने 'मूळव्याध आहे' म्हणून लेप लावून मगच येतो.

मुलीसाठी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. स्कोप लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे टर्मिनल आयलियमपर्यंत नेणार ना? आपल्या देशात आतड्याचा क्षय बहुधा तिथंच आणि सीकममध्ये बसतो. वरून सगळं बरं दिसलं तरी तपासणीसाठी आतड्याचे बारीक तुकडे (बायोप्सी) घेणार ना? आणि घेतलेल्या तुकड्यांपैकी काही क्षयाच्या जंतूसाठी जीन-एक्स्पर्ट आणि कल्चर या चाचण्यांना पाठवणार ना? वजन इतकं उतरलंय तर या आठवड्यातच दाखवा.

प्रश्न : माझी कोलोनोस्कोपी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आहे. आदल्या दिवशी उपवासाचं खाल्लं तर चालेल ना? – वाचक, कणकवली

नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचा लाडू, काहीही नको. शेंगदाण्याचा कण आतड्यात चिकटून बसतो आणि स्कोपच्या तोंडात अडकला की आत साचलेलं पाणी ओढून घेता येत नाही. एकादशीला निर्जळीही करू नका, औषधाबरोबर पाणी भरपूर लागतं. नारळपाणी, लिंबूपाणी, गाळलेली पेज, दूध न घातलेला चहा चालेल. तुम्ही कणकवलीच्या, म्हणून सांगते, कोकम सरबत आणि सोलकढी नको. तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, वांगं, पालेभाजी बंद. लोहाची गोळी चालू असेल तर आठवडाभर आधी थांबवा, तिनं मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा. पहाटेचा औषधाचा दुसरा भाग कंटाळा न करता पूर्ण घ्या, आणि तपासणीच्या दोन तास आधी पाणीही बंद करा.